आबांच्या हातची सव्वा मूठ

गेल्या वर्षी कानबाईचे दिवस जवळ आले तेव्हा माझ्या मनात देवाविषयी फारसं काही उरलं नव्हतं. पूजा करत होतो, दिवा लावत होतो, पण सवयीनं. आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मला ओळखेनासे झाले होते. आधी नातवंडांची नावं गेली, मग सुनेचं गेलं, आणि मग एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर त्यांनी अगदी अदबीनं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा, भाऊ. कोनता गावना?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की म्हातारपणी मेंदू झिजतो, नावं आधी पुसली जातात, याला इलाज नाही. डोक्याला ते पटलं होतं. पण मी साठीचा माणूस, निवृत्त झालेला, नातवाचा आजोबा, आणि तरी बापानं आपल्याला परक्यासारखं बसा म्हणावं याचं मला लहान पोरासारखं रडू यायचं.

मी मोजणी खात्यात नोकरी केली. दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी कायम करण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट नक्की झाल्याशिवाय मला चैन पडत नाही. आबांच्या बाबतीतही मी तेच मांडलं. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसायचं आणि विचारायचं, "आबा, मी कोन शे?" ते कपाळाला आठ्या घालायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, कधी मला तलाठी ठरवायचे तर कधी कुणाचा तरी जावई. मग मी नाव सांगायचो, त्यांच्याकडून म्हणून घ्यायचो, आणि दुपारपर्यंत ते पुन्हा गेलेलं असायचं. बायको म्हणायची, "अहो, किती परीक्षा घ्याल त्यांची? नापास करून घरातून काढणार आहात का?" मी तिच्यावर खेकसायचो. मला वाटायचं, हिला काय कळतंय. ज्या दिवशी माझं नाव त्यांच्या मनातून कायमचं जाईल, त्या दिवशी मी कुणाचा राहीन, ही माझी भीती होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. कुठेही पांगलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरात येतात. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू निवडून मोजतात, तेही मुठीनं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ सुपात पडते, आणि आमच्या घरी ती मूठ घरातल्या सगळ्यात मोठ्या पुरुषाची असावी लागते. तान्हं बाळ असलं तरी त्याच्या नावाची मूठ पडते. मूठ पडली की तो घरातला. माझ्या आठवणीत ही मूठ कायम आबांची. त्यांचा पंजा रुंद, त्यांची सव्वा मूठ म्हणजे आमच्यासारख्यांच्या दोन मुठी.

त्याच्या आदल्या वर्षी मात्र घोटाळा झाला होता. आबांनी वारलेल्या दोन्ही भावांच्या नावानं गहू टाकले, आणि मग मोठ्या मायेनं आमच्या जुन्या बैलाच्या नावानंही टाकले. सगळे हसले. हसण्यासारखंच होतं ते. पण आबांना आपलं काहीतरी चुकलं एवढं कळलं, आणि ते सुपापासून उठून खोलीत जाऊन बसले. म्हणून गेल्या वर्षी मी ठरवलं की मूठ आपणच टाकायची आणि आबांना त्यात पाडायचंच नाही.

शनिवारी सकाळी आबा आंघोळीला गेलेले बघून मी स्वयंपाकघरात सूप मांडलं. शिरपूरच्या काकू, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाची बायको, आदल्या दिवशीच आल्या होत्या. त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आबा शेतस तवलोंग मूठ त्यासनीच पडाले जोयजे, बापू." मी म्हणालो, "काकू, मागल्या वर्षी पाहिलं ना." आबा असेपर्यंत मूठ त्यांचीच हवी, हे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं नाही. मी पहिली मूठ आबांच्या नावानं टाकली. मग चुलतभाऊ, त्यांची मुलं, माझा पुण्याचा मुलगा, त्याचं बाळ, एकेक नाव मोठ्यानं घेत मी सव्वा सव्वा मूठ टाकत गेलो. कुठे अडखळलो नाही. सगळं झाल्यावर हात झटकले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

तेवढ्यात आबा आले. ओल्या अंगावर बंडी चढवलेली, धोतराचा सोगा हातात. कुणी बोलावलं नव्हतं. ते सरळ सुपाजवळ आले, भिंतीला हात लावत खाली बसले आणि गव्हाच्या राशीत हात घातला. मी घाईनं म्हणालो, "आबा, झालं सगळं, राहू द्या," आणि त्यांचं मनगट धरलं. काकू पहिल्यांदाच आवाज चढवून बोलल्या, "हात नको धरू त्यासना." मी सोडला. आबांची मूठ भरलेली होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रोज सकाळी माझ्या प्रश्नानं ते जसे घाबरायचे तसं त्या नजरेत काही नव्हतं. ते हळूच म्हणाले, "नाव याद नही येस, भाऊ. पन तू आमनाच शे." आणि मूठ सुपात सोडली. मग बोटांच्या चिमटीनं वरचे पाव मुठीचे गहू टाकले, धोतराला हात पुसला आणि कानबाई जिथे बसवायची त्या कोपऱ्याकडे बघून हात जोडले.

खरं सांगतो, तेव्हा मला गहिवर आला नाही. मला वाटलं, झाला पुन्हा घोळ. माझा हिशेब पुरा होता आणि आता एक वाटा जास्तीचा पडला होता. मी काकूंना विचारलं, एवढे काढून ठेवू का? त्या म्हणाल्या, "सुपमा पडेल दाना काढतस नही. तू नावे ले बरं फिरीसन, बठ्ठासना." मी पुन्हा पहिल्यापासून नावं म्हटली. बायको दारात उभी राहून ऐकत होती. मी शेवटच्या बाळापर्यंत आलो, थांबलो, आणि ती म्हणाली, "अहो, आणि तुमचं?"

माझं नव्हतं. मी घरातल्या प्रत्येकाची मूठ टाकली होती आणि स्वतःची विसरलो होतो. साठ वर्षं माझं नाव आबांच्या तोंडून निघालं आणि त्यांच्या हातून सुपात पडलं. ते आपण स्वतः घ्यायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. आबा तर न्हाणीघरात होते, त्यांनी माझी मोजणी ऐकलीही नव्हती, आणि ऐकली असती तरी कोण राहिलं हे त्यांना कळणार कसं? काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी तिथेच गव्हाच्या राशीशेजारी आबांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि ते माझ्या डोक्यावरून हात फिरवत काकूंना माझ्या रडण्याचं कारण विचारू लागले, "हाऊ काब्र रडी राह्यना?"

रविवारी कानबाई बसली. बायांची गाणी झाली, रोट झाले, सोमवारी पांझरा नदीवर जाऊन आम्ही तिला निरोप दिला. दरवर्षीसारखंच सगळं. पण मी तिच्यासमोर पहिल्यांदा काहीही न मागता बसलो होतो. कुणी म्हणेल हा योगायोग, कुणी म्हणेल म्हाताऱ्याच्या हाताला सवय होती. मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसलं की नाव, चेहरा, गाव सगळं पुसल्यावरही माणसात काहीतरी उरतं, आणि ते आबांनी राखलेलं नव्हतं, मी तर नाहीच नाही. ज्या आईनं, कानबाईनं, ते राखलं तिच्यापुढे माझं डोकं आपोआप खाली गेलं. आताशा माझीही नावं हरवतात. शेजाऱ्याला हाक मारायला जातो आणि तोंड उघडं राहतं. पूर्वी अशा वेळी मी घाबरून जायचो, आता तितका घाबरत नाही. आपण आपल्याला धरून ठेवू म्हटलं तर धरवत नाही, आणि सोडलं तर पडतोच असंही नाही.

आबांचं पुढे काही सुधारलं नाही. ते मला अजून ओळखत नाहीत. सकाळी मी चहा घेऊन जातो, ते खुर्ची पुढे करतात, मी बसतो आणि आम्ही दोघं बशीतून चहा पितो. मी कोण, हे मी त्यांना त्या शनिवारनंतर एकदाही विचारलेलं नाही.