नाल्यावरचा पायपूल

आमच्या सोसायटीच्या मागे मोठा नाला आहे आणि त्यावर एक जुना, पायी जाण्यापुरता पूल होता. होता! मीच घालवला तो.

बाबा पुण्याहून माझ्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा बंगळुरात त्यांना बोलायला माणूस नव्हतं. मी आणि नवरा दिवसभर लॅपटॉपला चिकटलेले. शेजारी भले, पण बाबांचं हिंदी दोन वाक्यांत संपायचं. मग नाल्यापलीकडच्या जुन्या वस्तीत त्यांना निपाणीकडचे एक अण्णा सापडले, घरात मराठी बोलणारे. रोज संध्याकाळी बाबा पूल ओलांडून त्यांच्या ओट्यावर जायचे आणि परत आले की जेवताना तिथल्याच गप्पा सांगायचे.

पुलाचा कठडा तुटला होता, एक फरशी हलत होती. वॉर्डाच्या बैठकीत इंजिनिअर म्हणाले, दुरुस्त करून देतो, थोड्या दिवसांचं काम आहे. गप्प बसावं की नाही? पण नाही! मी उठले. किती दिवस ठिगळं लावणार, गाड्या जातील असा नवा पूलच हवा, म्हणून ठणकावून सांगितलं. मेन रोडच्या ट्रॅफिकला सगळेच वैतागलेले, टाळ्यांचा नुसता कडकडाट. खरं सांगते, मला बाबांची आठवणसुद्धा झाली नाही. इंजिनिअर कानडीत "सरी मॅडम" म्हणाले, म्हणजे ठीक आहे. भूमिपूजनाचा नारळ मीच फोडला. कठडा दुरुस्त करायला कोणी नारळ फोडतं का? नव्या कामाची हौस सगळ्यांनाच, आणि मला जरा जास्तच.

लगेच जुना पूल पाडला. नव्याचे खांब उभे राहिले, वर सळया आल्या आणि काम जे थांबलं ते थांबलंच. अण्णांचे गुडघे गेलेले, ते घरापासून फार लांब येऊ शकत नाहीत. मेन रोडवरून वळसा घालून जायला कॅब बोलावते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "गप्पा मारायला कुणी टॅक्सी करतं का, वेडे?" तक्रार म्हणून करत नाहीत. चिडले असते तर बरं वाटलं असतं मला.

परवा त्यांना शोधत मागे गेले. बाबा नाल्याकाठी, कामाभोवती लावलेल्या पत्र्याच्या कुंपणापाशी उभे राहून घसा ताणून बोलत होते. नाल्याच्या पलीकडे अण्णा कानामागे हात धरून ऐकत होते. मला पाहताच बाबा आणखी मोठ्यानं ओरडले, "अहो, हीच माझी मुलगी! हिनंच नवा पूल मंजूर करून घेतला!"

अण्णांनी पलीकडून मला दोन्ही हात जोडले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.