छान म्हणणाऱ्याने जलेबी आणायची

आधी माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा आठवीतच सुटली, आणि आमच्या बुऱ्हाणपूरच्या मराठीत हिंदी कधी घुसते ते आम्हालाच कळत नाही. शब्द साधेच येतील. पण आमच्या फोटोवाल्यांच्या ग्रुपचे किस्से मोबाइलच्या गॅलरीसारखे भरत गेलेत, आणि डिलीट करायला जीव होत नाही.

ग्रुप भाऊंचा. भाऊ म्हणजे अर्ध्या गावाची लग्नं काढलेले फोटोग्राफर. नियम एकच. कोणी फोटो टाकला की त्यातली चूक सांगायची. नुसतं ‘छान’ लिहिलं, तर रविवारी सकाळी तापीकाठी राजघाटावर सगळ्यांना मावा जलेबी!

“छान म्हणजे नीट बघितलंच नाही,” भाऊ म्हणायचे.

*

बहादरपूरच्या सुनीलची केळीची शेती. त्याने ताज्या कापलेल्या घडांचा फोटो टाकला. गावातल्या शनवारा भागात स्टुडिओ असलेल्या नितीनने तो लगेच एडिट करून परत पाठवला. केळी पिवळीधमक!

“देख, आता फोटोत जान आली.”

सुनीलचा व्हॉइस मेसेज आला, “अरे, माझी जान गेली! व्यापाऱ्यानं बघितलं तर म्हणेल माल पिकला, गाडी भरू नका. हिरवं कर आधी!”

*

नितीनने नवा कॅमेरा घेतला तेव्हा घाटावर सगळ्यांना दाखवत होता. “भाऊ, हा माणसाचा डोळा आपोआप पकडतो. आपल्याला काही करायचंच नाही.”

“मग तू कशाला जातो सोबत?” भाऊ म्हणाले. “कॅमेऱ्यालाच पाठव लग्नाला, जेवून येईल!”

भाऊंची लेन्स जुनी, हाताने रिंग फिरवून फोकस करायची. “आपोआप म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यानं बघणं,” ते म्हणायचे.

*

मी एका दुकानात पासपोर्ट फोटो काढतो. ग्रुपवर फार लिहीत नाही. एकदा हिंमत करून असीरगढचा फोटो टाकला. भाऊंनी लिहिलं, “दिनेश, किल्ला दिसतो. तू तिथं का थांबला, ते दिसत नाही.”

तोपर्यंत माझ्या कामाकडे एवढं बघून कोणी बोललंच नव्हतं. मी तो मेसेज अजून ठेवलाय.

*

मग सुनीलने चालत्या ट्रॅक्टरवरून एक फोटो काढला. सगळा हललेला, झाड कुठलं, माणूस कुठला, कळेना. भाऊंनी लिहिलं, “फोकस एकदम कडक!”

सगळे हसले. भाऊ मस्करी करायला लागले म्हणून!

पुढच्या आठवड्यात मी एका आजोबांचा फोटो टाकला. पापणीचा केस न् केस मोजता येत होता. भाऊंनी लिहिलं, “चेहरा हलला रे.”

या वेळी कोणी हसलं नाही. नितीनचा फोन आला. “यार, भाऊंना दिसत नाही का?”

“तू विचार ना.”

“मी नाही बाबा. तू विचार.”

कोणीच विचारलं नाही.

*

भाऊंच्या घरी चहाला गेलं की काकूंचं एक वाक्य ठरलेलं. “अख्ख्या गावाच्या बायकांचे फोटो काढले यांनी. माझा एकच आहे, आधार कार्डावरचा!”

भाऊ कप खाली ठेवून म्हणायचे, “काढू गं.”

एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर फोटो टाकला. काकू! ओट्यावर बसलेल्या, अंगावर ठेवणीतलं लुगडं, बाजूने येणारं सकाळचं कोवळं ऊन. असा उजेड आमच्यात कोणाला जमत नाही. पण काकूंचा चेहरा धुरकट आला होता. त्यांच्या मागे असलेल्या दाराची कडी मात्र लख्ख.

खाली भाऊंनी लिहिलं होतं, “चूक सांगा.”

मग नितीनने लिहिलं, “छान.” सुनीलने लिहिलं, “छान आहे भाऊ.” मग एकामागे एक, सगळ्यांचं छान.

भाऊंनी लिहिलं, “एवढी जलेबी कोण खाणार?” आणि थोड्या वेळाने, “दिनेश, तू बोल.”

मी लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी पाठवलं, “भाऊ, फोकस मागच्या कडीवर गेला. काकू पुसट आल्या.”

त्यांनी वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीचे जलेबीचे पुडे घेऊन घाटावर गेले. मी रिकाम्या हाताने भाऊंच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं. तेच लुगडं नेसल्या होत्या. भाऊ ओट्यासमोर कॅमेरा घेऊन उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “उशीर केला. ऊन चाललंय.”

काकू जागेवर बसल्या. “एक फोटो काढायला दोन माणसं?”

“बोलू नको. मान जरा डावीकडे.”

भाऊंनी कॅमेरा नीट धरला. डावा हात मात्र लेन्सवरून काढून घेतला. मी बाजूला उभा राहिलो, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर बघत हळूहळू रिंग फिरवली. कडी पुसट झाली. काकूंचे डोळे लख्ख झाले.

मी म्हणालो, “दाबा भाऊ.”