वीस मिनिटं पुढे

त्या सकाळी वर्गाच्या खिडकीतून धुकं खुशाल आत येत होतं आणि सखू दाराबाहेर उभी होती, ओल्या चपला हातात धरून. अकरानंतर उशिरा आलेल्यानं पहिला तास बाहेर उभं राहायचं, हा आमच्या हायस्कूलचा नियम.

डोंगरावरच्या त्या एकुलत्या एक हायस्कूलचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असायचं. आम्हा शिक्षकांनीच ते पुढे केलं होतं. आमची घरं खाली तालुक्याला. संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची, तर शाळा लवकर सुटायला हवी. मग खालच्या वाडीतून दीड तास चढून येणारी पोरं रोज उशिरा ठरायची आणि रोज उभी राहायची.

वेळ वेळ म्हणतात ती तरी काय असते? ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या सोयीनं फिरवलेला काटा. बाकीच्यांनी धापा टाकत त्याच्यामागे यायचं आणि वर माफीही मागायची.

सखूनं माफी मागितली नाही. ती माझ्या मनगटाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमच्या हातातल्या घड्याळात अजून अकरा वाजायचे हायेत."

 सगळ्या वर्गाचे डोळे माझ्या मनगटावर.

मी पदर ओढून घड्याळ झाकलं. "उलट बोलतेस? आता सुटेपर्यंत उभी राहा."

ती राहिली. संध्याकाळी मला एसटी आरामात मिळाली. जागाही मिळाली, खिडकीजवळची.