एलिझाबेथबाईंची टाच

देवळाली प्रवरात एलिझाबेथ साळवे यांना जुने विद्यार्थी ‘टाचेच्या बाई’ म्हणतात. शाळेत इंग्रजी शिकवताना ‘अकिलीसची टाच’ हा वाक्प्रचार आला, की नुसता अर्थ सांगून त्या पुढे जात नसत. डस्टर बाळासारखं उलटं धरून पाताळातल्या नदीत बुचकळल्यासारखं दाखवायच्या. ग्रीक लोकांची ही जुनी गोष्ट: अकिलीस या वीराला बाळपणी आईनं टाचेला धरून त्या नदीत बुचकळलं. त्या पाण्यानं अकिलीसचं सगळं अंग अभेद्य झालं. आईनं धरलेली टाच तेवढी कोरडी राहिली आणि पुढे लढाईत बाण तिथंच लागून तो मेला. म्हणून बलवानाच्या दुबळ्या जागेला अजून अकिलीसची टाच म्हणतात.

गावातल्या कितीतरी पोरांना बाईंच्या अशा गोष्टी पाठ होत्या. ठाऊक नव्हत्या त्या बाईंच्या नवऱ्याला. योसेफ साखर कारखान्यात फिटर. त्यांची पाळी सुटायची तेव्हा बाई शाळेत, आणि बाई घरी यायच्या तेव्हा ते झोपलेले. निवृत्तीनंतरही सवय मोडली नाही. बाई चर्चच्या गायनात रमल्या, योसेफ शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात.

गेल्या वर्षी चर्चच्या पायऱ्या उतरताना बाईंचा पाय घसरला आणि टाचेमागे फटकन आवाज झाला. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर अश्विनी भेटली, ती त्यांचीच विद्यार्थिनी. पाय तपासून ती म्हणाली, “बाई, तुमची टाचेमागची अकिलीसची कंडरा तुटलीय. खरंच तिचं नावच ते आहे.”

दुखण्यानं डोळ्यांत पाणी होतं, तरी बाईंना हसू फुटलं. योसेफ घाबरून डॉक्टरांना म्हणाले, “हिच्या डोक्याला तर मार न्हाई ना लागला?”

ऑपरेशन नीट झालं, पण पायाला प्लॅस्टर आलं. स्वयंपाक योसेफांकडे गेला. दुसऱ्यानं हातात पाणी आणून द्यावं याची बाईंना सवय नव्हती. पहिले काही दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मग एका सकाळी योसेफांनी कांदा चिरता चिरता विचारलं, “ती अश्विनी म्हणत हुती, तो अकिलीस कोण गं?”

बाई उठून बसल्या. गोष्ट संपेपर्यंत कढईतला कांदा करपला.

“पण मी म्हंतो,” योसेफ म्हणाले, “आईनं हात बदलून पोरगं परत का न्हाई बुचकाळलं?”

बाई इतक्या हसल्या की शेजारची निकिता डोकावून गेली.

तेव्हापासून रोज स्वयंपाकाच्या वेळी एक गोष्ट ठरलेली. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं म्हणून तहानलेलाच राहणारा टँटलस योसेफांच्या मनाला फार लागला. सिसिफसची गोष्ट ऐकून मात्र ते खुलले. डोंगरावर ढकलत नेलेला दगड दर वेळी खाली येतो, म्हणून न संपणाऱ्या कामाला त्याचं नाव. “हा तर आमच्या कारखान्यातलाच दिसतोय,” ते म्हणाले. “कितीबी ऊस गाळा, दारात ट्रॅक्टर उभेच.”

बाईंना वाटलं, इतकी वर्षं हा माणूस घरात होता आणि आपण गोष्टी परक्या पोरांना सांगत होतो. वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. भाकरी गरम होती.

आता बाई काठी टेकत चालतात. परवा दारातल्या ओट्यावर योसेफ जुन्या सोबत्याला, कारभारींना, मिडास राजाची गोष्ट सांगत होते. हात लावील ते सोनं व्हावं असा त्यानं वर मागितला, मग घास घ्यायला गेला तर भाकरीचंही सोनं झालं.

“मग उपाशी मेला का काय?” कारभारींनी विचारलं.

योसेफांनी दाराकडे मान वळवली. “एलिझा, बाहेर ये गं. पुढं काय झालं?”

बाई खुर्ची ओढून बसल्या. “देवानं त्याला नदीत अंग धुवायला सांगितलं. वर सुटला, पण नदीची वाळू सोन्याची झाली.”

“त्यात काय नवल,” कारभारी म्हणाले. “आपल्या प्रवरेच्या वाळूलाबी आता सोन्याचाच भाव हाय.”

योसेफ हसत हसत चहा टाकायला आत गेले.