चित्राचं लॅमिनेशन

सौदीतल्या यान्बूच्या आमच्या प्लांटवर एक चिनी इन्स्पेक्टर होता. कामावर टाक्यांच्या रंगाची जाडी मोजायचा आणि शुक्रवारी खोलीत बसून डोंगर रंगवायचा. शाई, कुंचला, कागद त्याच्या देशातले, उजेड मात्र विलायती: डोंगराच्या एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला सावली. मधे धुक्यासाठी कोरा कागद सोडलेला. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या सावलीत जाऊन बसावंसं वाटायचं, खरं सांगतो.

त्याचे वडील जुन्या वळणाचे चित्रकार. असली सावली घातलेलं त्याचं एक चित्र त्यांनी "हे आपलं नव्हे" म्हणत फाडलं होतं. आता ते अंथरुणाला खिळले होते, आणि शटडाऊन, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची वार्षिक दुरुस्ती, सुरू असल्यामुळे ह्याला सुट्टी मिळत नव्हती. महिनाभर खपून त्यानं एक चित्र काढलं. त्याच्या गावचा एकजण घरी निघाला होता, तो ते घेऊन जाणार होता. म्हाताऱ्यानं एकदा "जमलं" म्हणावं, एवढंच ह्याला हवं होतं.

ड्युटीवर जाताना चित्र माझ्याकडे देऊन तो म्हणाला, "नळीत घालून त्याला दे. बस्स."

तेवढंच केलं असतं तर! पण आम्ही पडलो नाशिकचे सरळमार्गी. दहावीच्या मार्कलिस्टपासून आजोबांच्या पेन्शनच्या कागदापर्यंत आमच्या घरात सगळं लॅमिनेट केलेलं. हा कागद तर कांद्याच्या सालीसारखा पातळ. प्रवासात चुरगळेल म्हणून मी तो बाजारात नेला, नकाशे लॅमिनेट करणाऱ्या दुकानात. यंत्रातून बाहेर आला तेव्हा डोंगराला सुरकुत्या पडल्या होत्या आणि धुक्यात दुकानाची ट्यूबलाइट चमकत होती. प्लास्टिक सोलायला गेलो तर कागदच फाटायला लागला.

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," बायको नाशिकहून फोनवर म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं का कुणी?"

संध्याकाळी गेटवर त्याला ते दाखवलं. मारेल असं वाटलं. अहो, मारायलाच हवं होतं! त्यानं कडेवरून नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाला, "दुसरं काढायला वेळ नाही. जाऊ दे हेच."

तीन आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. वडील गेले होते. मी धीर करून विचारलं, "चित्र पाहिलं का त्यांनी?"

पाहिलं होतं. आईनं फोनवर सगळं सांगितलं होतं. तिनं ते पलंगाशी धरलं, चमक जावी म्हणून खिडकीच्या उजेडातून बाजूला फिरवलं. वडील बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "छापील चित्र का पाठवलंय? त्याला सांग, स्वतः काढलेलं पाठव."

आईनं परोपरीनं समजावलं. त्यांना पटलं नाही.