नाकाशी धरलेलं हैदराबाद

सन २००५. मी बहात्तर वर्षांचा. शिक्षण चौथी, पण धर्माबादेत फोटो स्टुडिओ चालवला तो कुणाला न विचारता. बायकोला, कमलला, घेऊन हैदराबादला निघालो ते तिच्या डोळ्यांसाठी. नामपल्लीला उतरून थेट डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, आता औषध नाही. जवळचं दिसतंय तोवर पाहून घ्या.

तिचं माहेर इथलंच, नारायणगुड्याचं. हिमायतनगरला लेकीच्या घरी जेवताना ती एवढंच म्हणाली, "दिवे लागलेलं शहर एकदा बघायचं होतं." तिला नाकाशी धरलेलंच दिसायचं. शहर नाकाशी कसं धरणार?

जावई सुहासराव पुण्याचे, कंप्युटरवाले. त्यांनी तोड काढली. शहराचे तुकड्यातुकड्यांनी मोठे फोटो काढायचे, कंप्युटर ते जोडतो, मग खिडकी न् खिडकी दिसते. फक्त प्रत्येक फोटोत मागच्याचा थोडा भाग पुन्हा घ्यायचा.

"जावईबापू, रोल वाया घालवून मी पोट भरलं नाही."

"मामा, यात रोल नसतो."

मी ऐकलं नाही.

समोरच्या उंच इमारतीच्या गच्चीची किल्ली शहनाज खालांकडे (खाला म्हणजे मावशी, सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते). दिवेलागणीला वर गेलो. हुसेनसागराभोवती दिव्यांची माळ, टेकडीवरचं पांढरं मंदिर, लांब पश्चिमेला नव्या कचेऱ्यांचा उजेड. कडेला कड लावून मी सगळं टिपलं. खाली आलो, तर कंप्युटरनं एकही तुकडा जोडला नाही. सुहासरावांनी कॅमेरा पुसून पिशवीत ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मीच तिकीट पुढे ढकलायला लावलं, आणि किल्ली मागायलाही मीच गेलो. खाला हसल्या. "कल-इच तो पूरा शहर खींचे ना, भाईसाब? रात में भाग को गया क्या?"

"गलती मेरी थी," म्हणालो. हे वाक्य मी घरातही फारसं बोललेलो नाही.

किल्लीबरोबर त्यांनी बगारे बैंगनचा (तीळ-शेंगदाण्याच्या वाटणातली वांगी) डबा दिला. वर वारा होता. सुहासराव कॅमेऱ्याचं स्टँड गच्च धरून बसले, आणि ते सांगतील तिथंच मी बटण दाबलं.

या वेळी कंप्युटरनं सगळे तुकडे जोडले. छापून आणला तो लांबच लांब कागद. गाडीत त्याची गुंडाळी मांडीवरून खाली ठेवली नाही. जन्मभर लोकांनी फोटोसाठी माझे आभार मानले. या खेपेला पाळी माझी होती, आणि ती जड गेली नाही.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओ उघडला नाही. अंगणात उन्हाला बाज टाकली, तिच्यावर कागद पसरला. कमल ओणवी होऊन, नाक टेकवून एकेक दिवा बघू लागली. तिच्यासाठी मी कागद सरकवत होतो.

"थांबा, ओढू नका पुढं," ती म्हणाली. "हे नारायणगुडा आहे."

मी कागद धरून उभा राहिलो.