अक्षरं थांबली तेव्हा

आमच्या घरी सकाळी सातला टीव्ही लागतो. वडील मळ्यात जायच्या आधी चहा पीत बातम्या बघतात. मिरची, वांगी, थोडी कोथिंबीर अशी आमची भाजीची शेती. वडील चौथी शिकलेले, आई शाळेत गेलीच नाही. बातम्या देणाऱ्या बाईंचं वडिलांना फार कौतुक. कागदाकडे न बघता त्या एवढं बोलतात म्हणजे त्यांनी ते सगळं पाठ केलेलं असणार, असं ते धरून चालत. "येवढं सारं पाठ कसं राह्यते तिच्या?" असं म्हणून ते माझ्याकडे बघत. आपल्या पोरीनंही कधी असं बोलावं, हा त्या बघण्याचा अर्थ मला शाळेपासून कळत होता.

मी मात्र बोलताना अटकते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथंच बसून राहतं. लोक वाईट नसतात, पण त्यांना घाई असते, म्हणून माझा शब्द तेच पुरा करून टाकतात. एकदा दुकानात पांढरा दोरा आणायला गेले. मी 'प'वर अटकले तर दुकानदार म्हणाला, पिवळा ना? मी मान हलवली आणि पिवळा घेऊन आले. अशी मान मी आयुष्यात किती वेळा हलवली, सांगता येणार नाही.

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा पुढच्या विषयाचा फॉर्म मिळाला. पत्रकारिता किंवा इतिहास. मी पेन्सिलने इतिहास लिहिलं आणि फॉर्म वहीत ठेवला. घरी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं की वर्गाची सहल मुंबईला, एका बातम्यांच्या चॅनलच्या कार्यालयात जाणार आहे, आणि तिथे प्रत्येकाला खऱ्या टेबलाशी बसून एक मिनिट बातमी वाचायला मिळणार आहे. मी मनाशी ठरवलं. एक बातमी न अटकता वाचली, तर पेनाने पत्रकारिता लिहायचं. अटकले, तर पेन्सिलीवरच पेन फिरवायचं.

कॅमेऱ्यासमोर अक्षरं सरकत जातात आणि ती बघून बातमी वाचतात, एवढं वर्गात ऐकलं होतं. मला वाटलं, टीव्हीच्या खाली पट्टी धावते तशीच ती धावत असतील. म्हणून पंधरा दिवस मी ती पट्टी मोठ्याने वाचायचा सराव केला. दोन शब्द वाचले की तिसऱ्यावर अटकायचे, आणि तोवर पट्टी कुठल्या कुठे गेलेली असायची. आई मेथी निवडत बसलेली असे.

"काऊन धावून राह्यली वं तिच्या मांगं? थे काय तुह्यासाठी थांबनार हाये?"

तिचं खरंच होतं. मी आणखी जोरात वाचू लागले.

नांदुऱ्याहून रेल्वेने आम्ही गेलो. चॅनलच्या इमारतीत शिरल्यावर आधी जाणवला तो गारवा. एका लांबलचक खोलीत शंभरेक माणसं एकाच वेळी बोलत होती, आणि तरी प्रत्येकाला आपल्याला हवं ते ऐकू येत होतं. भिंतभर पडदे. त्यातल्या एकावर कुठलासा रिकामा रस्ता दिसत होता, आणि एक मुलगी नुसती त्या रस्त्याकडे बघत बसली होती. काही घडलं तर कुणाला तरी दिसायला हवं ना, असं आम्हाला फिरवणारे दादा म्हणाले. पुढच्या अंधाऱ्या खोलीत एक बाई उलटे आकडे मोजत होत्या. त्या तीनवर आल्या तसं कुणी खोकलंसुद्धा नाही. एक म्हटल्याबरोबर समोरच्या पडद्यावर रोज सकाळी आमच्या घरात येणारा चेहरा बोलू लागला. मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, पण माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या भिंतीवरच्या त्या एका चेहऱ्यामागे इतकी माणसं श्वास रोखून उभी असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

आम्हाला वाचायला दिलेला स्टुडिओ बाजूला, लहानसा होता. टेबल पुढून चकचकीत आणि मागून साधं प्लायवूड. कॅमेऱ्यापुढे तिरकी काच होती आणि तिच्यावर पांढरी अक्षरं. वर्गातली मुलं एकेक करून वाचून आली. माझी पाळी आली तशी मी खुर्ची पुढे ओढून बसले.

बातमी थंडीची होती. पहिली दोन वाक्यं मी धावत वाचली. तिसरं वाक्य 'प्रशासनाने' या शब्दाने सुरू होत होतं. तिथे ओठ मिटले ते उघडेनात. झालं, असं मला वाटलं. आता अक्षरं वर निघून जाणार. मी काचेकडे बघत राहिले. अक्षरं हलली नाहीत. 'प्रशासनाने' जिथे होतं तिथेच उभं होतं. मी श्वास घेतला. पुन्हा अटकले. तरी ते तिथेच. मग शब्द बाहेर पडला, आणि तो पडताच पुढची ओळ हळूच वर आली.

मला वाटलं यंत्र बिघडलं असेल. टेबलावरून उठून मी दादांना तसं विचारलं. ते हसले आणि कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे माझ्या आईच्या वयाच्या एक बाई स्वेटर घालून बसल्या होत्या. त्यांच्या हाताखाली एक गोल चकती होती. ती फिरवली की अक्षरं सरकतात.

मी थांबले तेव्हा तुम्ही काय करत होतात, हे मी त्यांना कसंबसं विचारलं. त्यातही दोनदा अटकले. त्यांनी माझा शब्द पुरा केला नाही.

"ऐकत होते," त्या म्हणाल्या. "तू थांबलीस की मी थांबायचं. माझं कामच ते आहे. रोज वाचणारेही थांबतात गं, ते घरी कळत नाही एवढंच."

घरी आल्यावर हे वडिलांना सांगितलं तेव्हा ते मळ्यात मिरचीला पाणी देत होते. सरी भरेपर्यंत फावडं धरून उभे होते. बातम्या देणाऱ्या बाईंचं पाठ नसतं हे ऐकून ते जरा हिरमुसले. मग पाण्याबरोबर आलेला पाला त्यांनी फावड्याने बाजूला केला.

"म्हंजे तिच्या मांगं कोनीतरी बसून राह्यते," ते म्हणाले, आणि सरी भरल्यावर पाणी पुढच्या सरीत वळवलं.

त्यांना फॉर्मबद्दलही सांगितलं. काय लिहिणार, असं त्यांनी विचारलं नाही.

मी अटकले होते. ठरवल्याप्रमाणे इतिहासावरच पेन फिरवायला हवं होतं. सोमवारी कॉलेजच्या खिडकीशी गेले तेव्हा विषयाची जागा मी खोडून कोरी ठेवली होती. मागे रांग होती. आतल्या बाबूंनी मान वर न करता विषय विचारला. मी 'प'वर अटकले. ते दोन क्षण थांबले असतील.

"इतिहास लिहू का?"

मी मान हलवली नाही. खिडकीची कड धरून उभी राहिले. मागून कुणीतरी च्‌ केलं. बाबूंनी पहिल्यांदा वर बघितलं, पेन तसंच हवेत धरून. शब्द यायला वेळ लागला, पण तो माझाच होता.

"पत्रकारिता," मी म्हणाले.